जाडेपणा हा यूजर एरर नाही

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. एका यूजरने चुकीचं बटण दाबलं तर तो त्या यूजरचा वेंधळेपणा. पण दहा हजार यूजर रोज तेच चुकीचं बटण दाबत असतील, तर बटण चुकीच्या जागी बसवलंय. मग तुम्ही कितीही मोठ्ठं यूजर मॅन्युअल लिहा, तिकिटं येतच राहणार. हे आम्हाला पाठ आहे. डिझाइन रिव्ह्यूमध्ये आम्ही एकमेकांना हे ऐकवतो.

आणि मग त्याच मीटिंगमधून उठून पॅन्ट्रीत जातो, समोर दिसलेल्या जाड्या सहकाऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, "अरे जरा कंट्रोल कर की!"

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. वजन हा निव्वळ इच्छाशक्तीचा प्रश्न आहे, या आपल्या सगळ्यांच्या लाडक्या समजुतीशी.

आधी आकडे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) हेच आकडे साधारण २१ आणि १९ होते. शहरातल्या बायका वेगळ्या काढल्या तर ३३ टक्के, म्हणजे तिघींत एक. आता मला सांगा, पाच वर्षांत या देशातल्या कोट्यवधी लोकांची इच्छाशक्ती एकदम आटली? सगळ्यांनी एकाच वेळी ठरवलं की चला, आता आळशी होऊ? लॉगमध्ये असा पॅटर्न दिसला तर आपण यूजरला फोन करत नाही, गेल्या रिलीजमध्ये काय बदललं ते शोधतो.

आमच्या ऑफिसात दर तिमाहीला एक वेलनेस सेशन असतं. सडपातळ, प्रसन्न चेहऱ्याचे कुणीतरी पाहुणे येतात. स्लाइडवर एका बाजूला सफरचंद, दुसऱ्या बाजूला बर्गर. "चॉइस तुमचा आहे!" टाळ्या. मग दहा हजार पावलांचं चॅलेंज, विजेत्याला पाण्याची बाटली. आणि बाहेर आलं की टेबलावर सेशनला आलेल्यांसाठी काय ठेवलेलं असतं? समोसा, क्रीमचं बिस्किट, आणि मशिनचा तो प्रीमिक्स चहा, ज्यात साखर आधीच घातलेली असते, त्यामुळे "बिनसाखरेचा" असं बटणच नसतं. चॉइस माझा आहे म्हणे!

हिंजवडीत काम करणाऱ्या माणसाचा दिवस बघा जरा. सकाळी नऊच्या आत पोचायचं तर घरून साडेसातला निघायचं, कारण ट्रॅफिक. म्हणजे नाश्ता एकतर होत नाही नाहीतर टपरीवर होतो. दिवसभर खुर्ची. पंचिंग केल्यावर लिफ्ट, जिना शोधायला गेलात तर तो फायर एक्झिट म्हणून बंद. दुपारी कॅफेटेरियात सगळ्यात स्वस्त काय? जिरा राईस, पनीरचं तेलात तरंगणारं काहीतरी, दोन मैद्याच्या रोट्या, सोबत गुलाबजाम. सॅलड? आहे ना, वेगळ्या काउंटरला, जवळजवळ दुप्पट पैशांत, आणि एक वाजता संपलेलं. संध्याकाळी क्लायंट जागा होतो. साडेआठचा कॉल दहाला संपतो. मग घरी येऊन कोण ज्वारीचं पीठ मळणार? अंगठा आपोआप फोनवर जातो. अॅप उघडतं, वर बिर्याणी, खाली बिर्याणी, मध्ये "तुम्ही गेल्या वेळी मागवलेलं".

यात आळस कुठे आहे हो? उठल्यापासून झोपेपर्यंत हा माणूस राबतोय. फक्त त्याच्या दिवसात योग्य खाण्याची प्रत्येक पायरी महाग, लांब आणि वेळखाऊ आहे, आणि चुकीचं खाण्याची प्रत्येक पायरी एका क्लिकवर. आम्ही इंजिनियर लोक याला डीफॉल्ट म्हणतो. आणि डीफॉल्ट बदलायच्या भानगडीत फार थोडे लोक पडतात, हे ती अॅपं बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. (बनवणारे आपलेच मित्र आहेत, असो.)

कुणी म्हणेल हा सगळा माझा तर्क झाला. ठीक. २०१९ मध्ये अमेरिकेत नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केव्हिन हॉल या संशोधकाने एक साधा पण जबरदस्त प्रयोग केला. वीस माणसं महिनाभर दवाखान्यातच ठेवली. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, म्हणजे अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, चरबी, चोथा सगळं शक्य तितकं सारखं ठेवलं. आणि सांगितलं, हवं तितकं खा. झालं काय? कारखान्याच्या खाण्यावर असताना माणसं दिवसाला सरासरी ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढलं, आणि साध्या खाण्यावर तेवढंच उतरलं. माणसं तीच! इच्छाशक्ती तीच. फक्त ताट बदललं. अमुक खाणं जास्त चवदार लागत होतं म्हणावं तर चवीला दोन्ही सारखेच गुण त्यांनी दिले होते. मऊ, झटपट गिळता येणारं अन्न भराभर पोटात जातं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचेपर्यंत पाकीट रिकामं झालेलं असतं.

आणि हे पाकीट काही देवाने आकाशातून टाकलेलं नाही. "एकदा उघडलं की संपेपर्यंत थांबू नये" हे साध्य करायला शिकलेली माणसं पगार घेऊन काम करतात. एका बाजूला अशी टीम, बजेट, डेटा. दुसऱ्या बाजूला रात्री साडेदहाला दमून घरी आलेला एकटा जीव. आणि आपण निकाल देतो की बाबा तू हरलास, तुझ्यात दम नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "पण व्यायाम करा ना!" करा की. हृदयाला, हाडांना, झोपेला, डोक्याला व्यायाम चांगलाच, त्याबद्दल वाद नाही. पण वजनाचा हिशोब जरा मांडून बघा. एक वडापाव साधारण ३०० कॅलरी. तो जाळायला मध्यम वजनाच्या माणसाला पाच किलोमीटरच्या आसपास चालावं लागतं. दिवसाला दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे जवळपास ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर शक्य तर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा. म्हणजे आपण नुसत्या चहातच दुप्पट. आणि चालायचं कुठे? फूटपाथवर बाइक, त्यापुढे खड्डा, त्यापुढे भजीची गाडी.

"कमी खाऊ नका, जास्त हला" हा मंत्र कुणाला सोयीचा आहे याची एक गोष्ट सांगतो. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क नावाच्या एका शास्त्रज्ञांच्या संस्थेला कोकाकोलाचा पैसा होता. संस्थेचं म्हणणं काय, तर लोक खाण्याला उगाच दोष देतात, खरा दोष व्यायाम न करण्याचा. बातमीनंतर बोंबाबोंब झाली आणि त्याच वर्षी ती संस्था गुंडाळली गेली. अर्ध्या लिटर कोल्याच्या बाटलीत ५० ग्रॅमच्या वर साखर असते. ती विकणाऱ्याने तुम्हाला धावायला सांगणं म्हणजे डासांनी मच्छरदाणीवर प्रवचन देणं.

आता जरा घराकडे वळतो, कारण यापुढचं वाचून काहीजणांना राग येणार आहे.

आपल्याकडे दुसरा एक लाडका समज आहे, "घरचं खा, काही होत नाही." आजी काय खायची बघा वगैरे. आजी तूप-गूळ खायची हे खरं, पण आजी विहिरीचं पाणीही शेंदायची. आणि आपल्या ताटात आहे काय ते बघा ना. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भात-बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री परत भात. एकादशीला साबुदाणा, म्हणजे शुद्ध स्टार्च, वर दाण्याचं कूट आणि तूप, आणि याला उपास म्हणायचं! आयसीएमआरच्या मोठ्या देशव्यापी अभ्यासातून २०२५ मध्ये जे आकडे आले त्यात भारतीयांच्या कॅलरींपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात असं दिसलं, बहुतेक पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर. प्रथिनं मागे. त्याच अभ्यासाच्या २०२३ च्या निष्कर्षांत मधुमेही १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख. एवढे सगळे काही पिझ्झा खाऊन तिथे पोचलेले नाहीत.

त्यात आपल्या शरीराची एक वेगळीच भानगड आहे, आणि ती पुण्यातच सापडलेली आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये एक गमतीशीर छोटा लेख लिहिला, सोबत त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. फोटोत दोघे शेजारी. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! म्हणजे वजनकाट्यावर "नॉर्मल" असलेला आपला माणूस आतून चरबी बाळगून असतो, ती पोटाभोवती साचते आणि तिथूनच साखर, रक्तदाब, हृदय ही रांग सुरू होते. म्हणून तर आपल्यासाठी २५ ऐवजी २३ पासूनच सावध व्हा म्हणतात, आणि पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, बायकांची ८० च्या आत ठेवा म्हणतात. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला, त्यात ही गोष्ट जन्माच्या वेळीच दिसली. बाळं वजनाला कमी, पण त्या मानाने चरबी जास्त. आईच्या पोटात असताना तिला काय मिळालं आणि काय नाही याचा हिशोब पोराच्या अंगावर लिहिलेला. आता या बाळाला तिशीत "विल पॉवर" शिकवायची!

घरच्या खाण्याबद्दल अजून एक. "बाहेरचं बंद कर, डबा ने" हा सल्ला देणारा माणूस बहुतेक वेळा पुरुष असतो आणि त्याचा डबा दुसरं कुणीतरी भरतं. माझ्या टीममधली एक मुलगी, माझ्याइतकाच अनुभव, तेवढाच कामाचा बोजा. ती पहाटे साडेपाचला उठून दोघांचे डबे करते. तो डबा तिचा नवरा त्याच्या ऑफिसात मिरवतो, "मी फक्त घरचंच खातो" म्हणून. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ज्या दिवशी "आपण पारंपरिक आहाराकडे वळलं पाहिजे" असं कुणी टाकतं, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की काका, भाकरी कोण थापणार? ज्या घरात दोघं बाहेर जातात तिथे चांगलं खाणं ही कष्टाची कामं वाटून घेण्याची गोष्ट आहे, नाहीतर पैसे मोजून पोळी-भाजीवाल्या मावशींकडून घेण्याची. संस्कृतीच्या गप्पांनी पीठ मळलं जात नाही.

डाएटच्या पंथांबद्दल न बोललेलंच बरं. दीक्षित की दिवेकर यावरून मराठी घरांत जी भांडणं झाली ती आठवा. एक म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, दुसऱ्या म्हणतात थोडं थोडं खात राहा आणि तुपाला घाबरू नका. दोन्हीकडे वजन उतरलेले लोक आहेत, दोन्हीकडे परत चढलेलेही. चढतं याचं कारणही शरीरातच आहे. त्याच केव्हिन हॉलने अमेरिकेतल्या बिगेस्ट लूजर या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं बरंच वजन परत आलेलं, पण खरा धक्का पुढे. त्यांचं शरीर बसल्या जागी दिवसाला सरासरी ५०० कॅलरी अपेक्षेपेक्षा कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही! शरीराला वाटतं दुष्काळ पडला, ते खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं. ज्याचं वजन परत चढलं त्याला हसण्याआधी हे लक्षात घ्या.

आता सरकार. फेब्रुवारी २०२५ मध्ये मन की बातमध्ये पंतप्रधानांनी स्थूलतेचा विषय काढला आणि घरात तेल दहा टक्के कमी वापरा म्हणून सांगितलं. विषय निघाला हे चांगलंच झालं. पण परत तेच, सूचना कुणाला? तुम्हाला, मला, स्वयंपाकघरातल्या बाईला. नंतर आरोग्य मंत्रालयाने ऑफिसांत तेल आणि साखरेचे फलक लावा असं सुचवलं, तर जुलैमध्ये "आमच्या समोशाला हात लावाल तर याद राखा" असा गदारोळ झाला आणि मंत्रालयाला खुलासा करावा लागला की समोशावर कसलंही इशारा-लेबल नाही. समोशासाठी अख्खा देश पेटला. बिस्किटाच्या पुड्यासाठी कुणाला हूं की चूं करावंसं वाटलं नाही.

त्या पुड्याचीच गोष्ट घ्या. चिलीने जून २०१६ पासून पाकिटाच्या तोंडावर काळे अष्टकोन सक्तीचे केले, "साखर जास्त", "मीठ जास्त", "कॅलरी जास्त". सोबत अशा मालाची शाळांतली विक्री बंद, पुड्यावरची कार्टून्स बंद. पहिल्या दीड वर्षात इशारा असलेल्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. लहान पोरालाही कळतं, काळा ठिपका म्हणजे गडबड. आपल्या एफएसएसएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये काय मसुदा आणला? स्टार! अर्ध्या ते पाच स्टार, फ्रिजला देतात तसे. आणि त्यात साखर-मिठाचे गुण थोडं धान्य, थोडे दाणे, थोडा चोथा घालून भरून काढता येतात. म्हणजे ज्यावर धोक्याचा इशारा हवा त्यालाही दोन स्टार मिळणार, आणि दोन स्टार म्हणजे आपल्या डोळ्यांना "बरं आहे की" असंच दिसतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं, मग मुदत वाढवून घेतली गेली. २०२५ संपलं तेव्हाही पुड्याचं तोंड कोरंच होतं. माहिती आहे, पण पाठीमागे, मुंगीच्या अक्षरांत. लायसन्स अॅग्रीमेंटमध्ये कलम २३ (ब) दडवतात तसं.

आणि याच सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची फेररचना झाली. कोल्ड्रिंक ४० टक्क्यांत गेलं, त्याबद्दल शाबासकी. पण बिस्किटं, चॉकलेट, फरसाण, इन्स्टंट नूडल्स सगळं पाच टक्क्यांवर उतरलं! एकीकडे तेल कमी करा, दुसरीकडे तळलेलं स्वस्त. एकाच रेपॉझिटरीत दोन टीम एकमेकांचा कोड ओव्हरराइट करतायत आणि रिलीज नोट्समध्ये मात्र "आरोग्यदायी भारत".

त्याच वर्षी पोट आवरायची इंजेक्शनंही आली, मार्चमध्ये मौंजारो, जूनमध्ये वेगोव्ही. माझा त्यांना विरोध नाही. ज्यांना डॉक्टरांनी द्यायला हवीत त्यांना ती जरूर मिळावीत, आणि "शॉर्टकट मारला" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तर गप्पच बसावं, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला कुणी असं म्हणत नाही. उलट भूक ही हार्मोन्सची गोष्ट आहे, चारित्र्याची नाही, हे या औषधांनी सिद्धच केलं. पण आधी पुडा विकायचा, मग इंजेक्शन विकायचं, आणि मधल्या काळात माणसाला लाज विकायची, हा धंदा मात्र डोळ्यांना दिसू दे.

"म्हणजे माणसाची काहीच जबाबदारी नाही का?" आहे ना. मी स्वतः चहातली साखर बंद केली, ऑफिसात उकडलेली अंडी आणि चणे नेतो, आणि रात्रीच्या कॉलआधी जेवून घेतो. ते मला जमतं, कारण मी एकटा राहतो, पगार बरा आहे आणि मावशींना पोळ्यांचे पैसे देऊ शकतो. माझ्या बिल्डिंगच्या गेटवर बारा तासांची ड्यूटी करणारा सिक्युरिटीवाला दिवसभर काय खातो? पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणि गोड चहा, कारण पाच रुपयांत दुसरं काय मिळतं? त्याला सांगून बघा चॉइसबद्दल.

तर यावेळच्या वेलनेस सेशनचा फीडबॅक फॉर्म मी नीट भरला. चहाच्या मशिनला बिनसाखरेचं बटण. कॅफेटेरियात सॅलड आणि डाळ-उसळ जेवणाच्या भावातच, आणि दोन वाजेपर्यंत. जिन्याचं दार उघडं. मीटिंगच्या टेबलावर बिस्किटांऐवजी फुटाणे आणि फळं. साडेआठनंतरचा कॉल आठवड्यातून दोनपेक्षा जास्त नको, कारण जेवायची वेळही आरोग्यात मोजली जाते. यातल्या एकाही गोष्टीला इच्छाशक्ती लागत नाही, फक्त अॅडमिनचा एक ईमेल लागतो. तुमच्या ऑफिसातही असा फॉर्म येत असेल तर हीच यादी कॉपी-पेस्ट करा, माझं नाव टाकायची गरज नाही. एकट्याचं तिकीट ते "वर्क्स अॅज डिझाइन्ड" म्हणून बंद करतात, शंभर आली की कुणाला तरी असाइन करावंच लागतं.